सातवी बरगडी

मागच्या वर्षी मार्चमध्ये, कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढताना
मी आमच्याच दारात पडले.
डुलूथच्या त्या बर्फाला रंग नसतो.
खालचं डांबर तेवढं दिसतं, आणि पाय विश्वासानं पुढे जातो.
डबा उभा राहिला. मी नाही.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. एक्सरेत तर नवंच दिसत होतं.
त्याच्या कडेनं जाणारी नस मात्र,
पडणं संपलंय हे कुणी कळवलंच नाही म्हणून
अजून पडतच होती,
रोज, त्याच दारात, चौदा महिने.

फॉर्मवर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे.
मी मनात चाचपत बसले: ही कळ म्हणावी की ठणका,
उसण की चमक?
कळ येते आणि जाते. ठणका मुक्कामाला असतो.
उसण भरते, चमक निघते,
आणि सल कुठे असतो ते दाखवताच येत नाही.
नर्स कर्स्टन म्हणाली, एकच आकडा सांगा.
शिंक आली की नऊ. सीटबेल्ट लावला की सहा.
जनार्दननं विनोद केला की सात,
विनोद तीनचाच असला तरी.

डॉक्टर लेहतिनेन हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याला भोक पाडून
मासे धरतात. हे त्यांनी मला, पालथी झोपलेलीला,
सुई आत जात असताना सांगितलं.
भोक लहान हवं, म्हणाले, आणि हात स्थिर.
मान वळवून मी पडद्याकडे पाहिलं:
करडं पाणी, त्यात सुईचं टोक,
आणि टोकाशी काळा गोळा फुगत चाललेला,
आधी मोहरी, मग वाटाणा, मग शेंगदाणा.
उणे सत्तर.
कुकर शिट्टीच्या आधी करतो तसा गॅसचा आवाज.
"काट्यानं काटा," मी म्हणाले, आणि इंग्रजीत सांगायला गेले.
त्यांना वाटलं, मला टोचतंय.

दोनदा गोठवलं. मधे वितळू दिलं.

परतताना गाडीत शिंक आली.
तिच्याआधीच जनार्दनचा चेहरा आवळला,
डोळे मिटले, खांदा वर गेला,
चौदा महिन्यांच्या सवयीनं.
मी शिंकले. काहीच झालं नाही.
त्यानं गाडी तळ्याच्या कडेला घेतली
आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला.
त्याची नस कुणी गोठवली नव्हती.

आता डाव्या छातीखाली तळहाताएवढी जागा
माझी नाही. दातवाल्याकडून आल्यावर ओठ असतो ना, तशी.
परवा सवयीनं गरम पाण्याची पिशवी लावून झोपले,
सकाळी कातडी लालभडक, आणि मला पत्ता नाही.
इतकी वर्षं मेलं भुंकतंय म्हणून कुत्र्याला शिव्या दिल्या,
(इतकी वर्षं कुठली. चौदा महिने. पण दुखण्याचं वर्ष मोठं असतं.)
आता चोर आला आणि गेला,
कुत्रं झोपलेलं.

नस मेलेली नाही, लेहतिनेन म्हणाले होते.
आतला धागा झडतो, वेष्टण राहतं,
आणि त्या रिकाम्या नळीतून नवा धागा निघतो,
दिवसाला साधारण एक मिलिमीटर.
परत दुखेल? कदाचित. कमी दुखेल? कदाचित.
त्यांनी खांदे उडवले; मासा लागेल का विचारल्यावर उडवत असतील तसे.

घरी येऊन मी शिवणाची टेप काढली.
पाठीच्या कण्यापासून बगलेखालून पुढे, छातीखालपर्यंत:
सव्वीस सेंटिमीटर.
म्हणजे जानेवारीच्या अखेरीस.
ऐन बर्फात.

आज एकेचाळीस मिलिमीटर. खांद्याच्या फऱ्याखाली असेल कुठेतरी,
अंधारात, भिंतीला हात लावत.

हार्डवेअरच्या दुकानात गेल्या हिवाळ्यातलं मीठ
अर्ध्या किमतीत काढलं होतं. मी सहा पोती घेतली.
जूनमध्ये मीठ? शेजारच्या मिसेस गुंडरसननी विचारलं.
म्हटलं, कुणीतरी यायचंय.
दारात घसरायला नको.